मागं बसणाऱ्यांचं घराणं

जयपूरहून टोंकच्या दिशेनं निघालं की चाळीसेक किलोमीटरवर चाकसू लागतं. तहसिलीचं गाव, पण वयानं जयपूरपेक्षा कितीतरी जुनं. जुन्या लेखांत याचं नाव चाटसू, आणि गुहिल राजांची एक शाखा इथं नांदत होती. 1787 मध्ये महादजी शिंद्यांची फौज आणि जयपूर-जोधपूरची फौज ज्या तुंग्याला भिडली, ते तुंगाही इथून फार लांब नाही. आज मात्र पंचक्रोशीत चाकसूची ओळख आहे ती ‘शील की डूंगरी’ या टेकडीमुळं. टेकडीवर शीतलामातेचं देऊळ आहे आणि शीतलाष्टमीला तिथं मोठी जत्रा भरते. तिथल्या पंचांगानं हा दिवस चैत्र वद्यातला, आपल्या पंचांगानं फाल्गुन वद्यातला. आदल्या दिवशी रांधलेलं गार अन्न देवीला दाखवायचं आणि त्या दिवशी घरात चूल न पेटवता तेच खायचं, अशी रीत.

बँकेच्या बदलीनं मी या गावात येऊन पडलो. मी कोल्हापूरचा. घरी तंबोरा होता, लहानपणी गाण्याची तालीम झाली होती, आणि गुरुजींच्या मैफलीत मागं बसून तंबोरा छेडण्यापलीकडं आपली मजल जाणार नाही हे विशीतच कळलं होतं. चाकसूच्या शाखेत कृषिकर्जाच्या फायली उपसताना एक दिवस भिंतीवरच्या नकाशाकडं लक्ष गेलं. चाकसू, निवाई, टोंक आणि त्यापुढं उणियारा. कोल्हापुरात ज्याला आम्ही जयपूर घराणं म्हणतो, त्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ 1855 मध्ये जन्मले ते या उणियाऱ्यात. ज्या माणसाच्या नावानं आमच्या गावात कानाची पाळी धरतात, त्याच्या जन्मगावी जाणारी बस रोज आमच्या शाखेवरून जात होती, आणि शाखेतल्या कुणाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

याचा मला राग आला नाही, कुतूहल वाटलं. एखादा गवय्या एका मुलखात जन्मतो, दुसऱ्या मुलखात मोठा होतो, तिसऱ्या ठिकाणी त्याचं गाणं टिकतं, तर हे टिकवण्याचं काम नक्की कोण करतं? जन्म सगळा जमाखर्चात गेल्यामुळं मला सवय एकच: कुठलीही गोष्ट बघितली की कुणाचं देणं कुणाकडं निघतं, ते शोधायचं. घराण्यांचे इतिहास मी वाचले होते. त्यांत गुरू असतो, शिष्य असतो, राग असतात. मागं बसलेली माणसं नसतात.

या रस्त्यावर मात्र मागची माणसं लपवण्याची पद्धत नाही, हे चाकसूला राहिल्यावर कळलं. आमच्या शाखेतला एक रखवालदार लालसोटच्या बाजूचा होता. तो गावच्या पार्टीत गायचा. लालसोटला गणगौरीच्या सुमारास हेला ख्यालाचं दंगल होतं, म्हणजे गाण्याचा सामना. गावोगावच्या पार्ट्या येतात, एकेका पार्टीत वीस-पंचवीसपासून पुढं कितीही माणसं, आणि रात्र-रात्र गाणं चालतं. पुराणातल्या कथा असतात, तशी पुढाऱ्यांची रेवडीही उडवतात. कन्हैया दंगल हा त्याच्याच जातकुळीतला प्रकार, मीणा आणि गुर्जर गावांतून जास्त. नौबत, घेरा, मंजिरे अशी वाद्यं. पार्टीत म्होरक्या असतो, त्याला मेडिया म्हणतात. तो ओळ उचलतो, बाकीचे घेतात. आमच्या रखवालदाराला मी विचारलं, ‘‘तू मेडिया का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही साहेब, मी उचलणाऱ्यांतला. मेडिया एकटा गायला लागला तर त्याला वेडा म्हणतील.’’ पार्टीचं नाव गावाचं. जिंकली तर गाव जिंकलं, हरली तर गाव हरलं. यजमान गावानं आलेल्यांच्या जेवणाखाणाची सोय करायची. हिशोब इतका साधा.

पुढं टोंकला गेलं की दुसरा नमुना. टोंकची नवाबी उभी केली अमीर खानानं. हा यशवंतराव होळकरांचा साथीदार. 1817 मध्ये इंग्रजांशी तह करून तो टोंकचा नवाब झाला. त्याच्याबरोबर आलेल्या पठाण शिपायांनी चारबैत नावाचं गाणं आणलं. गुडघ्यावर बसलेले गडी, हातांत डफ, एकानं कडवं टाकायचं आणि सगळ्यांनी उसळून झेलायचं. रामपूर आणि भोपाळसारखंच टोंक हेही त्याचं ठाणं. आखाडे ठरलेले, आखाड्याचा उस्ताद ठरलेला, सवालजबाब ठरलेले. आपल्याकडच्या कलगीतुऱ्याच्या फडाची आठवण व्हावी असा मामला. इथंही गाणं कुणा एकट्याचं नाही.

आता याच मुलखातलं दरबारी गाणं घ्या. जयपूर संस्थानचे छत्तीस कारखाने होते. हत्तींचा वेगळा, पालख्यांचा वेगळा, पोथ्यांचा वेगळा. त्यांतला एक गुणीजनखाना. गवई, बीनकार, सतारिये, पखवाजी, सारंगिये, तबलजी, नाचणाऱ्या, कीर्तन करणारे, सगळे या एका खात्यात. सवाई रामसिंहाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1835 ते 1880 या काळात, हा गुणीजनखाना ऐन भरात होता. ध्रुपदिये बहराम खाँ, बीनकार रजब अली खाँ, सतारीत अमृतसेन, ख्यालात मुबारक अली खाँ अशी माणसं एका शहरात होती. महाराज स्वतः रजब अली खाँकडं बीन शिकले.

गुणीजनखान्याचं मला अप्रूप वाटतं ते या बड्या नावांपायी नाही. हे खातं होतं म्हणून सारंगियाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा, वस्ताद म्हातारा झाला तर त्याच्या मुलाला जागा मिळायची, आणि कुठल्या सणाला कुणी कुठं हजेरी लावायची हे कागदावर असायचं. गायकाला रोज नवा तबलजी शोधत फिरावं लागत नव्हतं आणि तबलजीला गायकाच्या मर्जीवर चूल पेटवावी लागत नव्हती. दोघंही एकाच धन्याचे नोकर. यात मानापमान होते, उतरंड होती, नाचणाऱ्या बाईला आणि तिच्या सारंगियाला समाजात काय वागणूक मिळायची ते सांगायला नको. तरी पोटाची जबाबदारी एका व्यक्तीवर नव्हती, संस्थेवर होती. 1949 मध्ये जयपूर राजस्थानात विलीन झालं, आणि राजाच्या खर्चानं चालणाऱ्या अशा कारखान्यांचा काळ संपला.

अल्लादियाखाँ या व्यवस्थेच्या काठावर वाढले. मूळ घराणं अलीगढ जिल्ह्यातल्या अत्रौलीचं. अत्रौलीच्या गवयांची कुटुंबं राजपुतान्यातल्या लहानमोठ्या संस्थानांत पसरली होती. वडील उणियाऱ्याच्या ठिकाणेदाराकडं गवई होते. उणियारा म्हणजे नरुका राजपुतांचं, जयपूरच्या छत्राखालचं छोटं संस्थान. वडील लवकर गेले. तेव्हा मुलाला हाताशी धरलं ते चुलते जहांगीर खाँ यांनी. त्यांनी जयपुरात आधी ध्रुपद-धमार घोटून घेतलं, मग ख्याल. म्हणजे या माणसाच्या मागं उभी राहिलेली पहिली फळी कुटुंबाची. अत्रौलीवाल्यांच्या सोयरिकी आपसांत व्हायच्या. कुठल्या दरबारात जागा रिकामी झाली, कुणाकडं कुठली चीज आहे, कुणाचा मुलगा तयार झाला, ही बातमी लग्नाच्या मांडवातून फिरायची. एकाच्या गळ्यात जे गेलं ते सगळ्या गोतावळ्याचं धन समजलं जायचं आणि तितक्याच कडवेपणानं परक्यापासून जपलंही जायचं.

एकट्या धन्याच्या हाती पडलेल्या गवयाचं काय होतं तेही या चरित्रात आहे. अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात अल्लादियाखाँ नोकरीला राहिले. धन्याला गाण्याचा शौक जबर. रोज गाणं, तासन्‌तास गाणं. आवाज बसला तो बसलाच. पुष्कळ काळानं परत आला तेव्हा पहिल्यासारखा राहिला नव्हता, आणि त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं घराण्यात सांगतात. वक्र, पेचदार, श्वासाचा हिशोब ठेवून आखलेली आणि लयीच्या प्रत्येक मात्रेला धरून चालणारी ही गायकी पुढं जयपूर-अत्रौली म्हणून गाजली. रसिक या कथेत प्रतिभेचा विजय बघतात. मला त्यात एक न लिहिलेला करार दिसतो, ज्यात गवयाच्या गळ्याला विश्रांतीचं कलम नव्हतं. त्या दरबारात ‘आज पुरे’ म्हणणारं कुणी असतं, तर कदाचित आवाज गेला नसता.

कोल्हापूरला हे चित्र पालटलं. 1894 मध्ये शाहू महाराज गादीवर बसले आणि त्यानंतर लवकरच अल्लादियाखाँ दरबारी गवई झाले. महाराजांचा जीव कुस्तीत, शिकारीत, पुढं सामाजिक कामात. पण कुठल्या माणसाला गावात टिकवायचं हे त्यांना बरोबर कळत होतं. खाँसाहेब पंचवीसेक वर्षं कोल्हापुरात राहिले. धाकटे भाऊ हैदर खाँ बरोबर होते. स्वतः तयारीचे गवई, पण थोरल्याच्या जोडीला गायचं आणि शिष्यांना शिकवायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. मुलं मोठी झाली. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ ही दोन नावं पुढं गाजली. भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनाची सेवा करायचे. उस्तादांनी देवीपुढं गावं यात कोल्हापूरकराला कधी काही वावगं वाटलं नाही. देवळाची ती चाकरी हाही घराच्या उत्पन्नाचा एक खांब होता.

दरबार आणि देऊळ यांच्या जोडीला तिसरी जागा होती देवल क्लब. गायन समाज देवल क्लब 1883 पासूनचा. तिथं राजा यजमान नव्हता. गावातले वकील, कारकून, शिक्षक, पेढीवाले एकत्र येऊन गाणं करायचे. एक सांगतो, कारण अशा मंडळात माझं आयुष्य गेलं आहे. कलाकाराच्या मागचा चमू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तबला-पेटी येते. त्याच्याही मागं, सतरंज्या अंथरणारा, वर्गणी गोळा करणारा, गवई उतरला त्या घरी वेळेवर दूध पोचवणारा, आणि गाणं रंगात आलं असताना बाहेर भांडण सुरू झालं तर ते चौकातच मिटवून येणारा माणूस असतो. त्याला सूर कळत असेल-नसेल. पण हा माणूस गेला की दोन वर्षांत मंडळ बंद पडतं, हे मी पाहिलं आहे.

या वातावरणातून गोविंदराव टेंबे आले. 1881 सालचा जन्म, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. पेटी हे तेव्हा उपरं वाद्य, त्याला त्यांनी मैफलीत मान मिळवून दिला. पण पेटी वाजवणं एवढंच त्यांचं काम नव्हतं. खाँसाहेबांची विद्या काय तोलाची आहे हे मराठी वाचकाला लिहून सांगणारे पहिल्या फळीतले लेखक तेच. भास्करबुवा बखल्यांसारखा, आधीच दोन घराण्यांची तालीम घेतलेला तयार गवई अल्लादियाखाँकडं शिकला. भास्करबुवांनी 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला, आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. दरबारी रागदारीचा वास असलेल्या त्या चाली गावोगावच्या तंबूंत पोचल्या, आणि ज्यांनी कधी मैफलीत पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्या कानांवर राग पडले.

ते नाटक ज्या कंपनीचं, ती गंधर्व नाटक मंडळी. या मंडळीला माझ्या हिशोबात वेगळं पान आहे. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी भागीदारीत ती काढली. नाव एकाचं, मालकी तिघांची, ही रचना फार काळ टिकली नाही. पण याच कंपनीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला होते. त्या काळात हिंदुस्थानातल्या कुठल्याही मैफलीत मानानं बसावीत अशी ही दोन माणसं एका नटाच्या गाण्यामागं नित्य साथीला होती. राजाच्या गुणीजनखान्याचं काम तिकिटाच्या पैशावर करून दाखवलं ते मराठी नाटक कंपनीनं. कर्जात बुडेपर्यंत केलं हेही खरं. अत्तरापायी आणि शालूपायी कंपनी बुडाली असं लोक चवीनं सांगतात. उत्तम साथीदार पदरी बाळगणं हीसुद्धा स्वस्तातली गोष्ट नव्हे, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

1922 चा उन्हाळा या सगळ्यावर घाव घालून गेला. एप्रिलमध्ये भास्करबुवा गेले, मेमध्ये शाहू महाराज गेले. महिन्याभरात खाँसाहेबांचा सर्वांत गुणी शिष्य आणि सर्वांत मोठा आधार दोन्ही नाहीसे झाले. वयाची पासष्टी उलटलेली. या वयात त्यांनी मुंबईला बिऱ्हाड हलवलं आणि नवा गोतावळा जमवला. या वेळी चमूचं स्वरूपच बदललं: दरबाराऐवजी शेठिये, आणि शिष्य म्हणून गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या बायका.

केसरबाई केरकर त्याआधीच, 1921 मध्ये, गंडाबंध शागीर्द झाल्या होत्या. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशा थोरांकडं थोडं थोडं शिकून त्या इथं आल्या. खाँसाहेबांनी सहजी होकार दिला नाही. बिदागी, तालमीची मुदत, सगळं आधी ठरलं, आणि ते पेलणारा आश्रयदाता केसरबाईंच्या पाठीशी होता. लोकांना हा व्यवहार रुक्ष वाटतो. मला वाटत नाही. अमलेट्यात ज्या माणसानं कराराशिवाय गाऊन आवाज घालवला, त्यानं म्हातारपणी अटी घातल्या तर त्यात नवल काय?

मोगूबाई कुर्डीकरांच्या पाठीशी असं कुणी नव्हतं. सांगलीचे प्रसिद्ध वैद्य आबासाहेब सांबारे यांच्याकडं औषधोपचारासाठी खाँसाहेब आले असताना या मुलीचा रियाज त्यांच्या कानांवर पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. म्हणजे घराण्याच्या या शाखेचं थोडं देणं एका वैद्याच्या काढ्याकडंही निघतं. मोगूबाई मागोमाग मुंबईला आल्या, पण मोठ्या शिष्यांशी झालेल्या अटी आड आल्या असं सांगतात. तेव्हा पुढं झाले हैदर खाँ. मागं बसणाऱ्या भावानं तालीम दिली. मधल्या काळात त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडं शिकल्या. लयीची बाजू पक्की केली ती खाप्रूमामा पर्वतकरांकडं. शेवटी 1934 मध्ये खुद्द अल्लादियाखाँचा गंडा बांधला गेला. मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. तिच्या गाण्याबद्दल मी वेगळं काय सांगणार? एवढंच सांगतो की ती विद्या तिच्यापर्यंत पोचली ती हैदर खाँसारख्या, पोस्टरवर नाव नसलेल्या माणसाच्या हातून.

चमूतली काही माणसं तर मैफलीच्या खोलीतही नसतात. मिरजेच्या सतारमेकरांचं काम घ्या. मूळचे शिकलगार, शस्त्रांना पाणी देणारे. तलवारीचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांकडं हात वळवला आणि पुढच्या पिढ्यांनी मिरज हे तंबोऱ्याचं गाव करून टाकलं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा. तो निवडायचा, सावलीत वाळवायचा. घोडीचा पृष्ठभाग कानसेनं घासत, पोताचा धागा सरकवत जवारी काढायची. जवारी उघडी हवी का बंद हवी, हे गाणाऱ्याचा गळा ओळखून ठरतं. बाईच्या सफेत चारच्या तंबोऱ्याला एक न्याय, पुरुषी काळी एकला दुसरा. मी गुरुजींचा तंबोरा घेऊन मिरजेला जायचो तेव्हा तिथले कारागीर तंबोऱ्याकडं बघण्याआधी विचारायचे, ‘‘गाणार कोण?’’ 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हा मान मिळायला पावणेदोनशे वर्षं लागली.

सारंगीवाल्यांच्या नशिबी तेवढंही आलं नाही. राजपुताना म्हणजे सारंगियांची खाण. इथली माणसं दिल्ली, लाहोर, मुंबई अशी पांगली आणि गाणाऱ्या बायकांच्या मागं उभं राहून, हो, पुष्कळदा उभं राहूनच, कमरेला सारंगी बांधून वाजवत राहिली. गाणाऱ्यांना चिजा सांगणारे, बोट धरून राग दाखवणारे पुष्कळदा हेच. तरी उस्ताद म्हणायची वेळ आली की जीभ अडखळायची. केसरबाईंच्या मागं सारंगीवर मजीद खाँ बरीच वर्षं होते. त्यांच्यासारख्यांचं वादन आज त्या ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतं, पण वेष्टनावर बघाल तर नाव सापडेलच असं नाही. महाराष्ट्रात सारंगीची जागा पेटीनं घेतली. गंमत अशी की त्याच पेटीला 1940 मध्ये आकाशवाणीनं दार बंद केलं आणि ते कित्येक वर्षं उघडलं नाही. उदयपूरकडच्या राम नारायण यांनी अखेर साथ सोडली आणि 1956 पासून एकलवादनाचा रस्ता धरला. सारंगीला त्यामुळं मान मिळाला, हे उघड आहे. पण मागं बसून मान मिळाला असता, तर त्यांना पुढं यावं लागलं असतं का, हा प्रश्न मला छळतो.

आता या सगळ्या हिशोबातली सर्वांत मोठी रक्कम. अल्लादियाखाँ 16 मार्च 1946 ला मुंबईत गेले. ग्रामोफोन कंपन्या 1902 पासून हिंदुस्थानात गाणी भरत होत्या, तरी त्यांनी स्वतःच्या आवाजाची तबकडी मागं ठेवली नाही. एवढा मोठा गवय्या, पण त्याचा आवाज आपल्यापैकी कुणी ऐकलेला नाही. जे काही कानांवर येतं ते सगळं मागच्या माणसांकडून. मंजी खाँनी धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना शिकवायला घेतलं, 1937 मध्ये मंजी खाँ गेले तर भुर्जी खाँनी तीच तालीम पुढं चालवली. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जी खाँकडं शिकल्या, ते गेल्यावर लक्ष्मीबाई जाधवांकडं, पुढं केसरबाईंकडं, आणि केसरबाईंच्या मागं तंबोरा घेऊन बसल्या. मुंबईच्या गुलुभाई जसदनवालांनी चिजा जमवून जपल्या. नातू अझिजुद्दीन खाँनी आजोबांच्या तोंडून त्यांची हकिकत उतरवून घेतली, म्हणून उणियारा आणि अमलेटा आपल्याला माहीत. मोगूबाईंकडं शिकलेले वामनराव देशपांडे पेशानं हिशेबतपासनीस, त्यांनी 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’ लिहून या गायकीत लय आणि स्वर कसे एकमेकांत गुंतले आहेत ते शब्दांत मांडलं. ताळेबंद जाणणाऱ्या माणसानं हे काम केलं याचा मला, माझ्या धंद्यापुरता, अभिमान आहे.

तंबोऱ्यावर बसणाऱ्या शिष्याचं काम लोकांना सोपं वाटतं. चार तारा छेडायच्या. पण त्यानं दोन-अडीच तास सूर हलू द्यायचा नसतो, गुरूनं श्वासासाठी सोडलेली जागा भरायची असते, आणि भरताना गुरूच्या पुढं एक पाऊलही टाकायचं नसतं. आपल्याला सुचलेली जागा गिळायची असते. हे करता करता गुरूची बढत त्याच्या अंगात उतरते. ज्या काळी यंत्र नव्हतं त्या काळी ध्वनिमुद्रण असं होत होतं, माणसांमध्ये. अल्लादियाखाँनी तबकडीवर विश्वास टाकला नाही, माणसांवर टाकला, आणि तो फुकट गेला नाही.

यंत्र आल्यावर काय झालं? 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जगभरच्या संगीताची सोनेरी तबकडी अवकाशात गेली. तीत साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे, केसरबाईंची. अल्लादियाखाँच्या शिष्येचा आवाज आज आंतरतारकीय अवकाशात पोचला आहे. त्या यादीत नाव आहे एकट्या केसरबाईंचं. ठेका धरणाऱ्याचं नाही, साथ करणाऱ्याचं नाही. नाव कुणी मुद्दाम गाळलं असेल असं मला वाटत नाही. लेबलावर एकच नाव लिहायची सवय तबकडीच्या धंद्याला पहिल्यापासून होती आणि ती पृथ्वीबाहेरही बरोबर गेली, इतकंच. आमच्या चाकसूच्या रखवालदाराला हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, ‘‘मग ती पार्टी कुठल्या गावची, ते तरी लिहिलंय का?’’

कुणी म्हणेल, नाव लिहिल्यानं काय होणार? पोट पगारानं भरतं. ते खरं आहे, म्हणून दोन्ही लागतं. गुणीजनखान्यानं पगार दिला, नाव दिलं नाही. लालसोटच्या पार्टीत नाव सगळ्यांचं, म्हणजे गावाचं, पैसा कुणालाच नाही. मैफलीनं नाव आणि पैसा दोन्ही एका माणसाच्या पदरात टाकलं आणि त्यातून इतरांना काय द्यायचं हे त्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडलं. पुष्कळांचं मन मोठं होतं. पण मन हे भरवशाचं लेखाशीर्ष नव्हे.

निवृत्त होऊन मी कोल्हापूरला परतलो तेव्हा आमच्या छोट्या संगीत मंडळाचा जमाखर्च माझ्या गळ्यात पडला. मी एकच नियम धरून बसलो. प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रकावर गायकाखाली तबला, पेटी, सारंगी असेल तर सारंगी, दोन्ही तंबोऱ्यांवरचे शिष्य आणि जवारी कुणी काढली त्याचंही नाव छापायचं. साथीदाराचं पाकीट गायकाच्या हातात न देता ज्याचं त्याच्या हातात द्यायचं आणि वहीत वेगळ्या ओळीवर लिहायचं. पहिल्यांदा एका बुजुर्ग गायकांना ते आवडलं नाही. ‘‘माझ्या माणसांचं मी बघतो,’’ म्हणाले. मी म्हटलं, ‘‘बुवा, तुम्ही बघताच, पण आम्हालाही ते लिहून ठेवायचंय.’’ त्यांच्या मागं बसलेल्या मुलीनं आपलं नाव त्या दिवशी पत्रकावर पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. बुवांनी नंतर दुसऱ्या गावच्या मंडळालाही तसंच करायला सांगितलं, असं कानांवर आलं. पन्नास वर्षांनी कुणी या घराण्याचा इतिहास लिहायला बसला, तर निदान आमच्या मंडळापुरतं तरी त्याला मागच्या माणसांना ‘आणि इतर’ म्हणावं लागणार नाही.